मी पेरू?

आयुष्यात मी बावीस दिवस गप्प बसलेय. सकाळी साडेसहा ते दुपारी तीन, शुक्रवार सोडून. आमच्या ह्यांना ते अजून खरं वाटत नाही. "तू? आणि गप्प? पाहिलंय कोणी?" म्हणतात. पाहिलंय ना. एका म्हातारीनं, एका तीन महिन्यांच्या बाळानं आणि एका हत्तीनं. हत्ती टीव्हीतला होता, पण साक्षीदार म्हणून मी त्याला धरतेच.

आम्ही तेव्हा आखातात, महबूलाला राहत होतो. तिथली लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. इमारत समुद्रापासून जवळ, पण खिडकीतून समुद्र दिसायचा नाही, समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. हे तेल कंपनीत मेंटेनन्सला. मुलं दोघंही नाशकात, माझ्या धाकट्या दीर-जावेकडे शिकायला ठेवलेली. "इथली फी झेपायची नाही, तिथं कॉलेजचं बरं पडेल," असं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं होतं खरं, पण घरात दोन माणसांचा स्वयंपाक किती वेळ पुरतो? दहा वाजेपर्यंत माझं सगळं आवरून व्हायचं. मग मी बोलायला माणूस शोधत जिन्यात उभी.

जिन्यात समोरच्या दाराची नर्स भेटली. तेलुगू. सरकारी इस्पितळात कामाला, तिचा नवरा दूर वाळवंटात तेलाच्या विहिरींवर, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. आमचं बोलणं हिंदीत. तिची हिंदी इस्पितळातली, "दर्द किधर है, कब से है" छापाची, आणि माझी म्हणजे मराठीलाच "है" लावलेली. तरी जमायचं. मला ती अक्का म्हणायची. गाव कुठलं विचारलं तर म्हणाली, गोदावरीच्या काठचं. मी म्हटलं, "अगं, मीपण गोदावरीचीच! आमच्या त्र्यंबकला उगवते ती." तिच्या गावाजवळ म्हणे ती समुद्राला मिळते. एका नदीच्या दोन टोकांच्या बायका आम्ही, आणि भेटलो कुठं, तर जिथं एकही नदी नाही तिथं.

तिला मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू केले, शेपूची भाजी नेली. रजा संपत आली तशी तिनं गावाहून आईला बोलावून घेतलं. आणि त्या आईनं आल्या आल्या सांगितलं, "मी काही इथं राहत नाही. पोरीला घेऊन परत जाते. शाळेत जाण्याएवढी झाली की आणून सोडीन."

तेव्हा असं पुष्कळ जणी करायच्या बरं का. नर्सबाया बारा-बारा तास कामात, बाळं गावाकडे आजीजवळ. फोटो यायचे, कॅसेटवर रेकॉर्ड केलेलं रडणं-हसणं यायचं. त्यात कुणाला दोष द्यायचा? पण ही पोर माझ्या दारात उभी राहून जी रडली! दुधानं तिचा गणवेश भिजला होता. "अक्का, ती मला ओळखणारसुद्धा नाही," म्हणाली. माझा धाकटा त्याच महिन्यात फोनवर मला "काकू" म्हणाला होता. चुकून म्हणाला, जीभ घसरली त्याची, मग हसला. मीपण हसले. फोन ठेवला आणि मग दिवसभर धुणं धूत बसले.

"मी आहे ना समोर," मी म्हटलं. "तुझी आई एकटी कुठं आहे? तू ड्यूटीवर गेलीस की मी येऊन बसते."

"तेच मी सांगितलं," ती म्हणाली. "अम्मा म्हणते, परक्या भाषेची बाई, परक्या हातचं खाणं, तिच्या भरवशावर मी कशी राहू? आपलं माणूस पाहिजे."

"मग?"

तिनं डोळे पुसले आणि खाली बघत म्हणाली, "मग मी सांगितलं की तुम्ही आमच्यातल्याच आहात. गोदावरीच्या."

"मग खोटं काय त्यात?"

"आणि सांगितलं की तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं महिनाभर बोलायला मनाई केलीय."

हे सुचलं कुठून हिला? तर कॅसेटवरून! तिच्याकडे तेलुगू सिनेमाची एकच कॅसेट होती, नवऱ्याच्या भावानं जलीब वस्तीतल्या त्याच्या खोलीवरून पाठवलेली. कॉपीवरून केलेली कॉपी, चित्र असं हलायचं की माणसं पाण्याखाली आहेत की काय वाटावं. त्यातला नायक वेषांतर करतो, आणि तोंड उघडलं तर पकडला जाईल म्हणून मौन धरतो. "सिनेमात चालतं ना अक्का," ती म्हणाली. "एक महिना फक्त. अम्मा म्हणालीय, महिनाभर बघते, नाही जमलं तर बाळ घेऊन जाते."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू महिनाभर गप्प बसणार?"

"हो."

"त्यापेक्षा तिला सांग, हत्ती पाळ म्हणावं. तो सोपा."

पहिल्या दिवशी सकाळी मी गेले. अम्मा सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. पांढरेशुभ्र केस, कानात मोठाली कुडी, पायाशी रेक्झिनची बॅग. ती बॅग तिनं उघडलीच नव्हती म्हणे, रोजचं लुगडं तेवढं वरून काढायची. नर्सनं ओळख करून दिली, गळ्याकडे बोट दाखवलं, आणि बस पकडायला पळाली. मी हसले. अम्मानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"मी पेरु?"

मला वाटलं, अरे वा, हिला तर मराठी येतं! मी, पेरू. म्हणजे मला पेरू पाहिजे. बिचारीला पेरू खावासा वाटतोय. बोलायची तर चोरी. मी उठले, लगबगीनं आमच्या घरी गेले, आदल्या दिवशीच कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, इजिप्तचे पेरू आणले होते, त्यातला चांगला पिकलेला धुऊन आणून तिच्या हातावर ठेवला.

अम्मा पेरूकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा पेरूकडे. मी मान हलवली, घे घे म्हणून. तिनं हळूच पेरूवर बोट ठेवलं, ते बोट माझ्याकडे वळवलं, आणि म्हणाली, "जाम?"

मला वाटलं, आवडला वाटतं. जोरात मान हलवली.

त्या दिवसापासून ती मला जामम्मा म्हणायला लागली. नर्सनं सांगितलं, जाम म्हणजे पेरू, तुम्ही पेरू दिलात म्हणून लाडानं म्हणत असेल. मीही खूश. आता पेरूला ते लोक जाम म्हणतात, तर मग म्हातारी पेरू कशाला म्हणाली, हा उजेड माझ्या डोक्यात पडायला हवा होता. नाही पडला. मी आपली चार दिवसांआड पेरू नेत राहिले.

जेवणाची तर गंमतच. दुसऱ्या दिवशी मी वरणभात, बटाट्याची भाजी घेऊन गेले. मी वाढतेय, आणि अम्मा म्हणतेय, "चालु, चालु." मला वाटलं, चालू ठेव म्हणतेय! मी अजून एक डाव घातला. "चालु!" अजून एक. मग ती दोन्ही हात ताटावर आडवे धरून ओरडली, "वद्दु! वद्दु!" मला ऐकू आलं "वाढू". स्वतःशीच विचारतेय बिचारी, वाढू का म्हणून, लाजतेय. मी तिचा हात प्रेमानं बाजूला केला आणि वाढलं. ती खाली मान घालून सगळं जेवली. मग दुपारभर डाव्या कुशीवर पडून होती.

संध्याकाळी नर्स माझ्या दारात. हसून हसून तिला बोलता येईना. "अक्का, अम्मा विचारते, बिचारी मुकी आहे ते समजलं, पण बहिरी पण आहे का?"

मग कळलं. चालु म्हणजे पुरे. वद्दु म्हणजे नको. मी त्या माउलीला "पुरे, पुरे, नको" म्हणत असताना अर्धा किलो तांदळाचा भात खाऊ घातला होता.

"आणि अक्का, दालमध्ये गूळ घालू नका," ती म्हणाली. "अम्माला शंका येते. आमच्याकडे कोणी घालत नाही."

बघा म्हणजे. तोंड मी बंद ठेवलं होतं, पण माझं वरण मराठीत बोलत होतं.

दिवस जायचे कसे, तर त्या एका कॅसेटवर. अम्मा बोलायची नाही, भिंतीकडे बघायची. मी अकराच्या सुमाराला व्हीसीआर लावायची. मला एक अक्षर कळायचं नाही, पण रोज बघून बघून गोष्ट पाठ झाली. एका जमीनदाराच्या घरी एकाच दिवशी दोन माणसं यायची असतात. एक मुलीला बघायला येणारा नवरा मुलगा, आणि दुसरा त्यांच्या आजारी हत्तीला तपासायला येणारा जनावरांचा डॉक्टर. एसटीत दोघांच्या पेट्यांची अदलाबदल होते. नवऱ्या मुलाला नेतात हत्तीच्या गोठ्यात आणि डॉक्टरला बसवतात पाटावर, लाडू देतात. पोरगा बघतो, अरे, गोठ्यातून मुलगी जवळून दिसतेय, कोण सांगेल खरं! लावतो खोटी दाढी, बांधतो फेटा, आणि हत्तीच्या पोटाला कान लावून गंभीर चेहरा करून बसतो. कोणी आजाराचं विचारलं की बोट ओठांवर, मौन आहे म्हणून. इकडे तो खरा डॉक्टर लाडू खाऊन खाऊन आजारी पडतो आणि त्याला तपासायलाही ह्यालाच बोलावतात.

त्यात त्या मुलीचा एक आजोबा होता. विसरभोळा. तो सारखा कुठून तरी काठी टेकत यायचा आणि समोर दिसेल त्याला विचारायचा, "मी पेरु?" आणि नायक दचकायचा, मौन विसरून अडखळत काहीतरी बोलायचा, आणि आजोबा मान हलवून निघून जायचा. पाच मिनिटांत परत हजर. "मी पेरु?" मला फार वाईट वाटायचं. एवढा जमीनदार, दारात हत्ती, आणि घरात म्हाताऱ्याला कोणी एक पेरू देईना! ह्यांना मी एकदा कळवळून सांगितलंसुद्धा. हे म्हणाले, "हत्तीनं खाल्ले असतील."

हसायचं मात्र आवाज न करता. आवाज न करता हसून बघा कधी. बरगड्या दुखतात. खोकल्यासारखं करायचं, पदर तोंडात कोंबायचा. अम्मा तिरक्या नजरेनं माझ्या गळ्याकडे बघायची.

सगळ्यात वाईट व्हायचं ते बाळाशी. लहान पोर मांडीवर आहे आणि बोलायचं नाही म्हणजे काय शिक्षा आहे! मग अम्मा आंघोळीला गेली की मी तिला घेऊन बाल्कनीत जायची आणि तिच्या कानात दिवसभराचं साठलेलं सगळं सांगून टाकायची. नाशकातल्या थंडीचं, जावेच्या हातच्या भाकरीचं, माझ्या धाकट्यानं मला काकू म्हटल्याचं. "तू नको हं असं करू," म्हणायची. ती माझ्या हलणाऱ्या ओठांकडे डोळे मोठे करून बघायची. अशी ऐकून घेणारी मला त्याआधी कोणी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही.

असे तीन आठवडे गेले. मला वाटत होतं, रुळतेय अम्मा. जेवते, सिनेमा बघते, मी आले की सरकून जागा करते. मी मनात म्हणायची, जिंकलो. आणि चौथ्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी नर्स आली ती पांढऱ्या चेहऱ्यानं.

"अम्मानं बॅग भरली. बाळाचे कपडे पण त्यात घातले. गुरुवारी माझे हे आले की तिकीट काढा म्हणते."

"अगं पण का? माझ्या हातचं आवडत नाही? मी गूळ बंद केलाय!"

"काही सांगत नाही. म्हणते, इथं जीव गुदमरतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. कुठं चुकले मी? बाईला वाढताना थांबत होते, पेरू नेत होते, हूं की चूं करत नव्हते. आणखी काय करायचं माणसानं?

बुधवारी सकाळी गेले तर खरंच बॅग दारापाशी. त्यावर बाळाचं दुपटं घडी करून ठेवलेलं. मला त्या दुपट्याकडे बघवेना. मी आपली कॅसेट लावली, दुसरं करणार काय.

आता त्या कॅसेटमध्ये एक जागा खराब होती. नायक हत्तीला औषध पाजायला जातो, बादली उचलतो, आणि तिथं फरफर करून पडदाभर नुसत्या मुंग्या. दोन-तीन मिनिटांनी चित्र यायचं तेव्हा दाढी झाडाला लटकलेली, आजोबा पाण्याच्या हौदात, आणि नायक हत्तीच्या पाठीवर उलटा बसलेला. मध्ये काय झालं ते मला काही केल्या कळायचं नाही. रोज त्या जागी मी अम्माकडे बघून हातानं विचारायची, काय झालं? आणि ती तोंड फिरवायची.

त्या दिवशी मुंग्या आल्या. मी सवयीनं हात हलवला. अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. जाण्याआधी ह्या मुकीला एवढं तरी कळू दे, असं तिच्या मनात आलं असावं.

टीव्हीच्या पुढं येऊन उभी राहिली. पदर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि नाकापाशी धरली. सोंड! मग ती डुलायला लागली. ही सत्तरीची बाई, भिंतीकडे बघत बसणारी, डुलत डुलत आली, सोंड माझ्या हातातल्या पाण्याच्या तांब्यात घातली, हुंगलं, तोंड वाकडं केलं. मग एका पायावर मागं सरकून ती झाली नायक, दाढी सावरत, "पी रे बाबा, पी" असे हात जोडतेय. मग परत हत्ती. हत्तीच्या नाकाला हुळहुळतंय. डोळे बारीक झाले. नाक वर गेलं. गेलं, गेलं, अजून वर गेलं. आणि असली शिंकली म्हणता, "हाऽऽक्छीऽ", की तिच्या कानातली कुडी हलली, पदर माझ्या तोंडावर येऊन फटकन बसला आणि तांब्यातलं पाणी माझ्या मांडीवर.

"अगं बाई गंऽऽ!" मी ओरडले. "अहो अम्मा, बास करा, मेले हो मी, पोटात दुखायला लागलं! अन् तो आजोबा? आजोबा हौदात कसा गेला?"

बोलले आणि मग कळलं की बोलले.

टीव्हीत चित्र परत आलं. बाळ झोपेतून दचकून उठलं. अम्मा पदर हातात तसाच धरून उभी. तिच्या चेहऱ्यावरचा हत्ती हळूहळू गेला. ती माझ्याजवळ आली, हनुवटी धरून माझी मान वर केली आणि गळा नीट निरखला. डावीकडून, उजवीकडून. मग बॅग उचलली, खोलीत गेली आणि कडी लावली.

मी दाराबाहेर उभी राहून, बाळाला खांद्यावर घेऊन, मराठीत, हिंदीत, सगळ्यात सांगितलं. "अम्मा, माफ करा. पोरीसाठी केलं हो. तिचं बाळ तिच्यापाशी राहावं एवढंच." आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. दोन तास मी त्या बाळाला घेऊन फेऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला वाटत होतं, हिला आता आठवड्यानं कोण घेईल? माझ्या एका किंकाळीनं पोर आईपासून तुटली.

तीन वाजता नर्स आली. माझं तोंड बघूनच तिनं पर्स खाली टाकली. मी म्हटलं, "मी हसले गं. मी बोलले." ती दार वाजवायला लागली, "अम्मा, अम्मा".

कडी निघाली. अम्मा बाहेर आली ती बोलतच. काय बोलली, किती बोलली! महिनाभराचं तुंबलेलं. मुलीला फैलावर घेतलं. माझ्याकडे बोट, गळ्याकडे बोट, वर आकाशाकडे बोट. नर्स मान खाली घालून उभी. मग मध्येच नर्सनं चमकून वर बघितलं. मग तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"काय म्हणतेय? अगं सांग ना!"

"म्हणते, मूर्ख पोरी! मी जाणार होते कशासाठी? माणूस नाही म्हणून? माणूस तर समोर रोज बसलेलं. पण ते मुकं! आठ-आठ तास मुक्या बाईसमोर बसून माझं डोकं फिरायची वेळ आली. हिला बोलता येतं हे आधी सांगितलं असतंस तर मी बॅग कशाला भरली असती?"

"पण मला तेलुगू येत नाही, हे सांग तिला!"

नर्सनं सांगितलं. अम्मानं हात झटकला. "मला तरी हिचं कुठं कळतं? मला आवाज पाहिजे घरात. मी रोज हिच्या गळ्यावर टाका शोधत होते, एवढं मोठं ऑपरेशन आणि टाका कुठं नाही!" मग एकदम काही आठवून ती मुलीवर परत उखडली, "आणि तू तर म्हणालीस गोदावरीची आहे!"

"गोदावरीचीच आहे अम्मा," नर्स म्हणाली. "वरच्या अंगाची."

मग अम्मा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, मास्तर विचारतात तशी, म्हणाली, "मी पेरु?"

मी इकडेतिकडे बघितलं. त्या दिवशी नेमका पेरू आणला नव्हता. "थांबा, आणते," म्हणून निघालेसुद्धा. नर्सनं माझा दंड धरला.

"अक्का, कुठं निघालात?"

"पेरू मागतेय ना ती."

"नाव विचारतेय! तुमचं नाव काय, म्हणतेय! मी म्हणजे तुमचं, पेरु म्हणजे नाव!"

मी मटकन सोफ्यावर बसले. पहिल्या दिवशी तिनं मला नाव विचारलं होतं, आणि मी न बोलता जाऊन पेरू आणून दिला होता. तिला वाटलं, मुकी बाई, खुणेनं नाव सांगतेय. जाम. जामम्मा! महिनाभर ती बाई मला पेरूबाई, पेरूबाई म्हणत होती, आणि मी लाडानं "ओ" देत होते. आणि मग सिनेमातला तो आजोबा माझ्या डोळ्यांसमोर आला. विसरभोळा. सगळ्यांना नाव विचारत फिरणारा. म्हणून तो नायक घाबरायचा, आधी कुठलं खोटं नाव सांगितलं ते आठवेना म्हणून! आणि मी त्या म्हाताऱ्यासाठी पेरूचा शोक करत बसले होते.

नर्सनं ते अम्माला सांगितलं. मग जे झालं ते लिहिता येणार नाही. आम्ही तिघी जमिनीवर बसून हसलो. बाळ आमच्याकडे आळीपाळीनं बघत होतं, आणि मग तेही हसलं, खळखळून, आवाज करून. तोवर नुसतं ओठानं हसायचं. अम्मा आत गेली, बॅग आणून आमच्यासमोर उलटी केली. बाळाची झबली, टोपडी बाहेर पडली. तळाला जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बरणी होती, आंब्याच्या लोणच्याची. महिनाभर तिनं ती उघडलीच नव्हती, राहायचंच नाही तर फोडायची कशाला म्हणून. तिनं झाकण काढलं, बोटानं खार घेतला आणि सरळ माझ्या जिभेवर टेकवला. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. "चालु, चालु!" मी ओरडले. अम्मानं अजून एक बोट भरून घातलं.

त्यानंतर काय विचारता. ती तेलुगूत, मी मराठीत. सासवा, गुडघे, नवरे, पाऊसपाणी, सगळं. कोण काय बोलतंय ह्याचा पत्ता नाही, पण "हो ना" आणि "अवुनु" बरोबर जागी पडायचं. वरणात गूळही परत सुरू झाला, अम्मा नाक मुरडून दोनदा घ्यायची. मुलगी दोन्ही भाषांच्या मध्ये वाढली आणि बोलायला लागली ती तिसरीतच, इंग्रजीत. आणि माझंही सांगते. त्या जूनमध्ये मी ह्यांच्यापुढं बसले आणि म्हटलं, धाकट्याला इथं आणायचा. फी झेपेल, नाही झेपेल, बघू. आणला. एगैलाच्या बाजारात फिरताना पहिल्या आठवड्यात तो गर्दीत चुकला आणि "आई" म्हणून ओरडला. भर दुकानात. तेवढं मला पुष्कळ झालं.

अम्मा सहा-सात वर्षं राहिली. मधे मधे गावी जाऊन यायची, पण बाळाला कधी मागितलं नाही. मुलगी दुसरीत गेली तेव्हा अम्माचे डोळे अधू झाले होते, गावी मुलाकडे कायमची निघाली. तोवर व्हीसीआर जाऊन सीडी आली होती. जावयानं त्या सिनेमाची चांगली सीडी कुठून तरी मिळवली, मुंग्या नसलेली. आम्ही सगळे मिळून बघायला बसलो. ती हत्तीची जागा आली. हत्ती शिंकतो, दाढी उडते. खरं सांगू? काही विशेष नव्हतं. अम्मानं मान हलवून "छे" केलं, आणि नात म्हणाली, "अम्मम्मा डझ इट बेटर."

विमानतळावर मी पोचवायला गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर तीच रेक्झिनची बॅग. एवढ्या वर्षांत तिनं मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती, आणि माझं खरं नाव तिला सांगायचं त्या हसण्यात राहून गेलं ते राहूनच गेलं होतं. तिनं माझा हात धरला, डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मी पेरु?" म्हणाली.

विचारत होती की चिडवत होती, मला कळलं नाही. मी पर्स उघडली. सकाळीच धुऊन, पुसून ठेवला होता. तिनं तो घेतला, नाकाशी नेला, आणि तिथंच, खुर्ची ढकलणारा माणूस थांबलेला असताना, पहिला चावा घेतला.